फळीवरच्या हेरास

एल्फ,

पत्राच्या आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ लिहायचा आमच्याकडे रिवाज आहे. तुझ्या बाबतीत तो मी मोडते आहे. तुझ्याविषयी मला प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तुझ्या हातून काही घडलेलं नाही.

तुझी ओळख मात्र करून द्यायला हवी. हे पत्र उघडं आहे आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाचकांची तुझी गाठ अजून पडलेली नाही. तू फूटभर उंचीचा बाहुला. लाल कपडे, टोकदार टोपी, गुलाबी गाल, नजर कायम एका कोपऱ्याकडे. तुझ्यासोबत खोक्यात एक पुस्तक येतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कॅरॉल एबरसोल्ड आणि त्यांची मुलगी चँडा बेल यांनी ते २००५ साली स्वतःच छापून काढलं. गोष्ट अशी की नाताळच्या आधीचे दिवस तू घरातल्या एखाद्या फळीवर बसून मुलांचं वागणं पाहतोस. रात्री सगळे झोपले की उत्तर ध्रुवावर उडत जाऊन सांताक्लॉजला त्या दिवसाचा अहवाल देतोस आणि पहाटे परत येऊन दुसऱ्याच जागी बसतोस. मुलांनी तुला हात लावायचा नाही, लावला तर तुझी जादू जाते. २४ डिसेंबरच्या रात्री तू सांताबरोबर जातोस, तो पुढच्या डिसेंबरपर्यंत. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या थँक्सगिव्हिंगच्या मिरवणुकीत तुझा अजस्र फुगा उडाला. तोवर तू अटलांटिक ओलांडायच्या तयारीत होतास. आता ब्रिटनच्या सुपरमार्केटांत पानगळ संपायच्या आत तू आणि तुझ्या नकला रचून ठेवलेल्या असतात.

२०२१ मध्ये जॉर्जियातल्याच कॉब काउंटीच्या एका न्यायाधीशांनी तुला हद्दपार करणारा हुकूम काढला होता. तो त्यांनी गमतीनं काढला. मी गमतीनं लिहीत नाही.

मी लंडनच्या पश्चिमेला स्लावमध्ये राहते आणि एका प्राथमिक शाळेत वर्गमदतनीस आहे. इथं आम्हाला टीए म्हणतात. कोटांच्या चेनी लावायच्या, हरवलेले हातमोजे शोधायचे, वाचनात मागे पडलेल्यांना घेऊन कोपऱ्यात बसायचं, हे माझं काम. त्यामुळे मुलं बाईंना जे सांगत नाहीत ते माझ्या कानावर पडतं. डिसेंबरमध्ये सकाळी दप्तर अडकवता अडकवता ती एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो तुझ्याविषयी असतो. तुमच्या एल्फनं काल रात्री काय केलं?

एकाच्या घरी तू ओट्यावर पीठ सांडून त्यात लोळलास. दुसऱ्याच्या घरी झाडाला टॉयलेट पेपरचे वेढे दिलेस. तिसऱ्याच्या घरी सगळ्यांसाठी डोनट आणलेस, चौथ्याच्या घरी नवे कपडे घालून बसलास आणि पाचव्याच्या घरी तुझ्यासोबत आता एक रेनडिअरही आला आहे, कारण तुझे प्राणी, तुझे पोशाख, तुझं सामान हे सगळं वेगवेगळ्या खोक्यांत वेगवेगळ्या किमतीला मिळतं. आणि एक मूल असतं जे काही बोलत नाही, हातातला डबा पुन्हा पुन्हा उघडतं आणि बंद करतं. त्याच्या घरी तू आलेलाच नाहीस. कधी ते मूल खोटं बोलतं. आमच्या एल्फनं खूप मोठं केलं, असं सांगतं. काय केलं विचारलं की गप्प होतं.

तुझा पहिला गुन्हा हा आहे की एका रात्रीचा सण तू चोवीस रात्रींचा केलास आणि त्या चोवीस रात्रींचं बिल आईबापांच्या नावावर फाडलंस. रात्रपाळी करून आलेली आई पहाटे पाचला दिवा न लावता तुला फ्रिजवरून उचलून पडद्याच्या दांडीवर टांगते, कारण तू जागचा हलला नाहीस तर मूल विचारणार की मी काल वाईट वागलो का. हे मला आयांनीच सांगितलं आहे, शाळेच्या फाटकाशी, डोळे चोळत.

पण तू एकटा नाहीस. तुझ्यामागून एक अख्खी वरात आली आहे आणि तिचा म्होरक्या म्हणून मी तुला धरते आहे. १ डिसेंबरला नाताळपर्यंतचे दिवस मोजणारं, रोज एक खिडकी उघडायचं ॲडव्हेंट कॅलेंडर लागतं. जर्मनीत ते साध्या कागदाचं होतं, खिडकी उघडली की आत चित्र. ब्रिटनमध्ये कॅडबरीनं १९७१ मध्ये त्यात चॉकलेट घातलं. आता खिडक्यांत खेळणीही असतात आणि किंमतही तशीच चढलेली. २४ तारखेच्या संध्याकाळसाठी वेगळी पेटी निघाली आहे. तीत नवे पायजमे, गरम चॉकलेटचे मग, एक पुस्तक. म्हणजे भेटींच्या आदल्या दिवशीच्या भेटी. सगळ्या कुटुंबाचे एकसारखे पायजमे, तेही फोटोपुरते. सांताला भेटायला पूर्वी दुकानाच्या तळमजल्यावर रांग लावली तरी चालायचं. आता त्याची वेळ ऑगस्टमध्ये ऑनलाइन राखून ठेवायची, माणशी तिकीट, गाडीतळाचे पैसे निराळे.

शाळाही यातून सुटलेली नाही आणि मी शाळेतच काम करत असल्यानं हे लिहिणं मला भाग आहे. नाताळच्या नाटकात मूल मेंढी झालं की शुक्रवारपर्यंत पांढरा स्वेटर आणि काळे स्टॉकिंग्ज आणा. नाताळच्या जत्रेसाठी एक दिवस गणवेश नको, त्या बदल्यात चॉकलेटचा डबा किंवा बाटली आणा. पँटोमाइम नावाचं नाताळचं विनोदी नाटक पाहायच्या सहलीचे पैसे, वर्गाच्या पार्टीचे पैसे, नाताळच्या जेवणाचे पैसे, बाईंच्या भेटीसाठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरची वर्गणी. ती ऐच्छिक असते, पण कुणी दिली आणि कुणी नाही हे सगळ्यांना दिसतं. मग नाताळच्या स्वेटरचा दिवस. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेनं २०१२ मध्ये तो सुरू केला, हेतू चांगला होता आणि आजही आहे. एक दिवस मजेदार स्वेटर घाला आणि मुलांच्या कामासाठी पौंड-दोन पौंड द्या. पण स्वेटर कुठून आणायचा? ‘हबब’ या पर्यावरण संस्थेनं २०१९ मध्ये पाहणी केली तेव्हा दिसलं की असे साडेसहा कोटी स्वेटर ब्रिटनच्या कपाटांत आधीच पडून असताना त्या वर्षी आणखी सव्वा कोटीच्या आसपास विकले जाणार होते, आणि पाचातले दोन त्या नाताळात एकदाच अंगावर चढत होते. बहुतेकांत प्लास्टिकचा धागा. मूल पुढच्या डिसेंबरपर्यंत दोन इंच वाढतं आणि स्वेटर कायमचा तोकडा होतो.

यातली कुठलीही एक गोष्ट घेतली तर ती लहान आहे, पौंड-दोन पौंडांची. म्हणूनच कुणी तक्रार करत नाही. एका पौंडासाठी काय बोलायचं, या लाजेवर ही सगळी इमारत उभी आहे. ज्या घरात तीन मुलं आहेत आणि तिन्ही शाळेत आहेत त्या घरात हे सगळं तीनदा होतं, आणि ते होतं हीटर लावायच्या महिन्यात.

आता आकडा सांगते, कारण तुझ्या गोष्टीत आकडे नाहीत. सरकारच्याच २०२३-२४ च्या आकडेवारीप्रमाणे घराचा खर्च वजा जाता ब्रिटनमध्ये ४५ लाख मुलं गरिबीत वाढताहेत. शंभरातली एकतीस. तीस मुलांच्या वर्गात नऊ. यातल्या दर दहांपैकी सात मुलांच्या घरात निदान एक मोठं माणूस नोकरी करतं. तेव्हा आळशी आईबापांची ही पोरं आहेत असं कुणी तुझ्या बाजूनं सांगायला येऊ नये. सफाई करणारी, गोदामात खोकी उचलणारी, म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारी ही माणसं आहेत. तुझी खोकी हीच माणसं रात्रीच्या पाळीत ट्रकमध्ये चढवतात.

त्यांचा डिसेंबर कसा चालतो तेही ऐक. पुष्कळ मालक पगार नाताळच्या आधी करतात, विसाव्या-बाविसाव्या तारखेला. ते औदार्य वाटतं. पुढचा पगार थेट जानेवारीच्या शेवटी येतो आणि मधले पाच-सहा आठवडे त्याच पैशांत काढायचे असतात. शाळा दोन आठवडे बंद. इंग्लंडमध्ये पहिल्या तीन इयत्तांच्या सगळ्या मुलांना आणि पुढच्या वर्गांतल्या गरजू मुलांना दुपारचं जेवण शाळेत फुकट मिळतं, ते या दोन आठवड्यांत घरी शिजवावं लागतं. २०२० मध्ये मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूनं सुटीतल्या जेवणासाठी सरकारला माघार घ्यायला लावली तेव्हा देशातल्या पुष्कळ लोकांना पहिल्यांदा कळलं की शाळेची सुटी म्हणजे काही घरांत उपासमार. मी आनंदानं सांगते की त्यानंतर सुटीतल्या जेवणाच्या योजना वाढल्या. पण नाताळची सुटी जवळ आली की काही मुलांचे चेहरे उतरतात ते अजून उतरतात. तुझी नजर इतकी तीक्ष्ण असेल तर तुला हे दिसायला हवं होतं.

आणि उसनवारी. ब्रिटनमध्ये नाताळ आणि कर्ज यांचं नातं तुझ्यापेक्षा पुष्कळ जुनं आहे. १८८० साली ब्रॅडफर्डमध्ये ‘प्रॉव्हिडंट’ सुरू झाली. कामगार कुटुंबांना खरेदीच्या चिठ्ठ्या द्यायच्या आणि दर आठवड्याला दारावर येऊन पैसे गोळा करायचे. दारावर येणारा तो माणूस २०२१ पर्यंत येत होता, मग कंपनीनं तो धंदा बंद केला. त्याची जागा आता फोनवरच्या बटणानं घेतली आहे, आत्ता घ्या आणि तीन हप्त्यांत फेडा. ज्यांना कर्ज नको होतं त्यांचं काय झालं तेही नोंदव. हजारो बाया वर्षभर दर आठवड्याला दोन-चार पौंड ‘फेअरपॅक’ नावाच्या नाताळ-बचत योजनेत टाकत होत्या. २००६ च्या ऑक्टोबरात, सणाला अडीच महिने असताना, ती कंपनी बुडाली. लाखाहून अधिक लोकांचे मिळून साडेतीन कोटींहून जास्त पौंड गेले. पुढे अनेक वर्षांनी जे हातात पडलं ते अर्धंमुर्धं होतं. त्या बायांनी काहीही वावगं केलं नव्हतं. मुलांच्या नाताळासाठी कर्ज नको म्हणून त्या बचत करत होत्या.

तू म्हणशील, सण आणि बाजार यांचं सोयरं माझ्याआधीपासूनचं आहे. खरं आहे, आणि मी ते नाकारत नाही. नाताळचं पहिलं छापील भेटकार्ड १८४३ मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी काढलं आणि ते विकायलाही ठेवलं; त्याची एक शिलिंग ही किंमत तेव्हाच्या मजुराला न परवडणारी होती. डिकन्सची नाताळची प्रसिद्ध कथा त्याच वर्षी बाजारात आली. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं सजवलेलं झाड एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि मग घरोघरी झाड हवं झालं. आज जे पूर्वापार वाटतं तेही कुणीतरी कधीतरी दुकानात मांडलं होतं. सण शुद्ध होता आणि तू तो बाटवलास असा आरोप मी करत नाही.

माझा आरोप वेगळा आहे. कार्डानं, झाडानं, फटाक्यासारख्या वाजणाऱ्या त्या कागदी क्रॅकरनं कधी मुलाला असं सांगितलं नाही की मी तुझ्या घरी आलो नाही कारण तू वाईट आहेस. हे तू सांगतोस. भेट म्हणजे चांगल्या वागण्याची मजुरी, हा तुझ्या गोष्टीचा कणा आहे. चांगल्यांची यादी आणि वाईटांची यादी. सांताची यादी जुनी आहे हे मला माहीत आहे, पण तो दूर उत्तर ध्रुवावर होता, वर्षातून एकदा यायचा. तू त्याचं रोजचं हजेरीबुक घेऊन स्वयंपाकघरात बसलास.

ज्या मुलाला सायकल मिळाली ते चांगलं. ज्याला रंगांची पेटी मिळाली ते थोडं कमी चांगलं. ज्याला काहीच मिळालं नाही त्यानं काय समजायचं? सहा वर्षांचं मूल हिशेबाला पक्कं असतं. आईची पाळी कापली गेली, भाडं वाढलं, हे त्याच्या हिशेबात नसतं. त्याच्या हिशेबात तू असतोस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वाचनाच्या कोपऱ्यात माझ्याजवळ बसून एका मुलानं पुस्तकातून डोळे न काढता मला सांगितलं की डिसेंबरमध्ये तो खूप चांगला वागला होता, पण बहुतेक त्याआधी वागला नसेल. त्यानं काही मागितलं नाही, रडला नाही. त्यानं स्वतःवरचा आरोप कबूल केला होता. तो आरोप खोटा होता आणि तो त्याच्यावर तू आणि तुझ्या मालकांनी ठेवला होता.

या एका गोष्टीसाठी हे पत्र आहे. पैशांची ओढाताण आम्हा मोठ्यांना नवी नाही, ती आम्ही सोसू. गरीब असणं आणि वाईट असणं एकच, हे एका मुलाला पटवून देणं ही दुष्टाई आहे आणि ती तू लाल टोपी घालून करतोस.

ज्या मुलांच्या घरी तू येतोस त्यांचंही तू भलं करत नाहीस. लॉरा पिंटो आणि सेलीना नेमोरिन या कॅनडातल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये लिहिलं की तुझ्यामुळे मुलांना सतत कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे हे आपसूक मान्य करायची सवय लागते. तेव्हा त्यांना बरेच लोक हसले. मी हसणाऱ्यांत नाही. भावाला मारू नये, कारण त्याला लागतं. तू पाहतो आहेस म्हणून मारू नये असं शिकलेलं मूल तुझी पाठ वळली की मारतं. हे मी मैदानावर पाहते. काही वर्गांत शिक्षकांनीही तुला फळीवर बसवलं आहे, मुलं शांत राहतात म्हणून. थकलेल्या शिक्षकाची अडचण मला कळते. पण त्या वर्गात ते मूलही बसलेलं असतं ज्याला वर्षाअखेरीस काही मिळणार नाही. त्याला तू दिवसभर पाहत बसतोस.

ब्रिटनच्या जाहिरातींच्या नियमांत एक कलम आहे. वस्तू विकत घ्या किंवा आईवडिलांना घ्यायला लावा असं मुलांना थेट सांगणारी जाहिरात चालत नाही. स्वीडननं तर १९९१ पासून बारा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिरात करायलाच बंदी घातली, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मुलांना उद्देशून जाहिरात करायला १९८० पासून बंदी आहे. मुलांच्या मनाला जपायचं तर विक्रेत्याला दाराबाहेर ठेवावं लागतं हे या लोकांनी ओळखलं. तू दारातून आलास ते खेळणं म्हणून, पुस्तक म्हणून, परंपरा म्हणून. तुला कुठलंही कलम लागू होत नाही. तू मुलाला काही विकत घ्यायला सांगत नाहीस. फक्त शेजारच्या मुलाच्या घरी रोज रात्री काहीतरी करतोस आणि सकाळी ते शाळेत ऐकू येतं.

आता आमच्या माणसांबद्दल. स्लावमध्ये, हाउन्स्लोमध्ये, रेडिंगमध्ये मराठी घरं पुष्कळ आहेत. नोव्हेंबरच्या आसपास दिवाळी होऊन गेलेली असते, फराळाचं सामान, कपडे, मंडळाच्या कार्यक्रमाची तिकिटं यांत एकदा हात रिकामा झालेला असतो. मग डिसेंबर लागतो आणि मूल विचारतं, आई, आपल्याकडे एल्फ का येत नाही, आपण ब्राउन आहोत म्हणून? या प्रश्नापुढे कुठली आई टिकेल? ती दुसऱ्या दिवशी तुला घेऊन येते. मूल इथल्या मुलांत मिसळावं, वेगळं पडू नये, या आमच्या सगळ्यांत हळव्या जागेवर तू बोट ठेवलंस.

यातली बरीच घरं नोकरीच्या व्हिसावर आहेत. त्यांच्या व्हिसाच्या अटींत लिहिलेलं असतं की सरकारी मदतीवर यांचा हक्क नाही. कर सगळे भरायचे, मुलांसाठीचा भत्ता मिळत नाही. शिवाय आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकरकमी, आरोग्यसेवेतल्या नोकऱ्या तेवढ्या सोडून. नवरा-बायको आणि दोन मुलं, तीन वर्षांचा व्हिसा, म्हणजे दहा हजार पौंडांच्या वर रक्कम आधी मोजायची. मुंबईला आजी-आजोबांकडे जावं म्हटलं तर शाळेला सुटी लागते त्या दिवसापासून विमानाचं तिकीट चढतं, आणि आठवडाभर आधी निघावं तर इंग्लंडमध्ये दर मुलामागे दर पालकाला ८० पौंड दंड. पूर्वी तो ६० होता, २०२४ च्या ऑगस्टपासून वाढवला. मग जाणं राहून जातं. आजी व्हिडिओ कॉलवर विचारते, काय आणलं सांतानं, आणि मुलं तिला तुझ्याबद्दल सांगत बसतात.

वसईची एक मैत्रीण इथं आमच्याच रस्त्यावर राहते. पिढ्यान् पिढ्या ख्रिस्ती असलेलं, घरात मराठी बोलणारं कुटुंब. तू तिलाही आवडत नाहीस, हे तिनंच मला सांगितलं. तिच्या लहानपणीचा नाताळ म्हणजे आठ-पंधरा दिवस अंगणात खपून केलेला गोठा. गवत, माती, काड्या, शेजारच्या वाडीतून मागून आणलेला पेंढा. बांबूच्या कामट्यांचा आणि कागदाचा तारा, तो वाऱ्यानं फाटला की पुन्हा खळ लावून चिकटवायचा. गोव्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांचं कुसवार करतात आणि ताट भरून हिंदू शेजाऱ्यांकडे पाठवतात, तसंच यांच्याकडेही फराळाचं ताट घरोघर फिरायचं. कपडे नवे असायचे, हो. खर्च होताच. पण त्या गोठ्यातलं बाळ गरिबाघरचं होतं, त्याला जन्मायला जागा मिळाली नव्हती, हे प्रत्येक पोराला पाठ होतं. ती मला म्हणाली, ज्याचा वाढदिवस आहे त्याचं नाव तुमच्या त्या बाहुल्याच्या गोष्टीत कुठं आहे? मी ख्रिस्ती नाही, तरी या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नाही एवढं मला कळतं.

तुझ्या बाजूचे लोक सांगतील की आमच्या घरी तर एल्फनं नुसता आनंद आणला, मुलं सकाळी उड्या मारत उठतात. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. ज्या घरात वेळ आहे, पैसा आहे आणि गंमत करायची हौस आहे तिथं तू आनंद आणत असशील. त्यांना माझी एकच विनंती आहे. ती गंमत घरात ठेवा, आणि मोठी भेट सांतानं दिली असं मुलाला सांगू नका. सायकल आईबाबांनी दिली, सांतानं मोजे आणि संत्रं दिलं, असं सांगा. इथले कितीतरी पालक आता हेच करू लागले आहेत, म्हणजे दुसऱ्या मुलाला असं वाटत नाही की सांतानं माझ्याशी दुजाभाव केला. मार्टिन लुईस हे पैशांविषयी सल्ला देणारे पत्रकार कितीतरी वर्षं कानीकपाळी ओरडताहेत की मोठ्या माणसांनी एकमेकांना अनावश्यक भेटी द्यायच्या नाहीत असं आपसांत ठरवावं. त्यांचं ऐकलं तरी पुष्कळ घरांचा जानेवारी सुसह्य होईल.

आणि शाळांनी काय करावं हेही आता कुणी नव्यानं शोधायला नको. न्यूकॅसलच्या ‘चिल्ड्रन नॉर्थ ईस्ट’ या संस्थेनं शाळेचा एकेक दिवस गरीब मुलाच्या डोळ्यांनी तपासून कुठं खर्च लपलेला आहे ते दाखवून दिलं. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोपासून ‘कॉस्ट ऑफ द स्कूल डे’ या नावानं हेच काम २०१४ पासून चाललं आहे. दोघांनीही आधी मुलांना विचारलं. मुलांना नेमकं कुठं टोचतं ते ठाऊक असतं.

आमच्या शाळेत मी तीन गोष्टी लेखी दिल्या आहेत आणि मुख्याध्यापिकांनी त्या मान्य केल्या आहेत. कुठल्याही वर्गात तू बसणार नाहीस. नाताळच्या स्वेटरांसाठी नोव्हेंबरपासून हॉलमध्ये कपड्यांचा एक दांडा लावलेला आहे, गेल्या वर्षीचा तोकडा झालेला आणून अडकवा आणि मापाचा घेऊन जा, पैसे नाहीत, नाव लिहायचं नाही. कागदाचा तारा कापून साध्या स्वेटरवर टाचला तरी तो नाताळचा स्वेटर. आणि जानेवारीच्या पहिल्या दिवशी गोल करून बसल्यावर ‘तुला काय मिळालं’ हा प्रश्न कुणी विचारणार नाही. सुटीत काय पाहिलं, कुणाबरोबर खेळलात, हे विचारायचं. बाईंच्या भेटीची वर्गणी बंद करा असं आमच्या बाईंनीच पालकांना सांगितलं, मुलानं स्वतः लिहिलेलं चार ओळींचं पत्र हवं म्हणाल्या.

तुला २४ तारखेला परत जायचंच आहे. अहवाल लागत असेल तर माझ्याकडे आहे, वर्षभर रोज जवळ बसून केलेला. एक मुलगी स्वतःचा एक हातमोजा काढून दुसरीला देते आणि मग दोघी उरलेला हात खिशात घालून मैदानावर फिरतात. एक मुलगा धाकट्या बहिणीला रोज नर्सरीच्या दारापर्यंत पोचवून धावत वर्गात येतो, म्हणून त्याला उशीर होतो आणि वहीत लाल खूण पडते. नव्यानं आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या मुलाला जेवणाच्या रांगेत कुठं उभं राहायचं ते दोघांनी हाताला धरून शिकवलं. ज्यानं जानेवारीत स्वतःला दोषी ठरवलं त्यानं आता पहिलं जाड पुस्तक संपवलं आहे. वर्गातल्या नऊ-दहांच्या घरी तू कधी गेलेला नाहीस. वाईटांच्या यादीसाठी माझ्याकडे एकाही मुलाचं नाव नाही. हा अहवाल तुझ्या मालकांना दे, आणि पुढच्या डिसेंबरात येऊ नकोस.

एक वर्गमदतनीस,
स्लाव